वैधानिक इशाऱ्याचे वाक्य : तंबाखूविरोधी भाषेचा परामर्श

सिगारेटच्या पाकिटावरील इशारा हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणासही पडेल. तो कोणी आवडीने वाचत नाही. त्यास लेखक नाही. तो तयार करणाऱ्या खात्याने रसिकाची अपेक्षाही बाळगलेली नाही. तथापि इतक्या प्रतींनी छापले गेलेले आणि इतक्या खिशांतून रोज फिरणारे वाक्य या देशात क्वचितच दुसरे सापडेल. ज्या वाक्याच्या परिणामावर काही अंशी तरी माणसांचे जगणे-मरणे अवलंबून आहे, त्याची रचना तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम नव्हे असे म्हणणे कठीण आहे. आजवर या इशाऱ्यांची चिकित्सा वैद्यकशास्त्राने केली, कायद्याने केली आणि व्यापाऱ्यांनी तर न्यायालयापर्यंत नेऊन केली. त्यांचा व्याकरणविचार मात्र झालेला नाही. तो केला असता असे दिसते की, या वाक्यांत दोष आहे तो सौम्यतेचा नव्हे. ती कठोर होत गेली, चित्रमय झाली, पाकिटाच्या बहुतेक पृष्ठभागावर पसरली. पण ती कोणाशी बोलत आहेत आणि श्रोत्याच्या कोणत्या क्रियेविषयी बोलत आहेत, हे दोन प्रश्न बव्हंशी अनुत्तरितच राहिले.

या वाक्याची कुळकथा परदेशात सुरू होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानविषयक अहवाल ११ जानेवारी १९६४ रोजी प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षीच्या कायद्यान्वये १ जानेवारी १९६६ पासून तेथील पाकिटांवर इशारा छापणे बंधनकारक झाले. त्या पहिल्या वाक्याचा आशय असा होता की, सावध असा, सिगारेट ओढणे तुमच्या प्रकृतीस घातक ठरू शकते. यातील 'ठरू शकते' ही संदिग्धता व्यापाऱ्यांच्या दबावाची खूण मानली जाते आणि ते बरोबरच आहे. पण त्याच वाक्यात 'तुमच्या' हे सर्वनामही होते. भारतीय कायदा १९७५ चा. त्यानुसार १ एप्रिल १९७६ पासून जे वाक्य आले ते 'सिगारेट स्मोकिंग इज इंज्युरियस टू हेल्थ'. त्यातून संदिग्धता गेली, विधान निश्चयात्मक झाले. परंतु त्याबरोबर 'तुमच्या' हेही गेले. आरोग्य कोणाचे, हे वाक्य सांगत नाही. मराठीत 'सिगारेट ओढणे आरोग्यास हानिकारक आहे' असे म्हटले की कर्त्याच्या जागी 'ओढणे' हे भाववाचक क्रियारूप येते आणि 'आरोग्य' ही एक सर्वसाधारण वस्तू होऊन बसते. वाक्य निर्दोष आहे, व्याकरणशुद्ध आहे, आणि शालेय पुस्तकातील 'सूर्य पूर्वेस उगवतो' या विधानाइतकेच अलिप्त आहे.

येथे मीमांसकांचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. वाक्यांचे विधी, निषेध, अर्थवाद इत्यादी भेद त्यांनी केले ते यज्ञकर्माच्या संदर्भात. परंतु भाषा माणसास कृतीकडे कशी वळविते या प्रश्नाचा इतका सूक्ष्म विचार आपल्या परंपरेत अन्यत्र नाही. 'कलंज खाऊ नये' हे त्यांचे निषेधाचे नेहमीचे उदाहरण. एखाद्या वस्तूची निंदा करणारे वाक्य हा अर्थवाद. आणि अर्थवादास स्वतंत्रपणे प्रवर्तक वा निवर्तक सामर्थ्य नाही, ज्या विधीची किंवा निषेधाची तो पाठराखण करतो त्याच्याशी एकवाक्यता झाली तरच तो सार्थ होतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे. ही कसोटी लावली तर १९७५ चे वाक्य म्हणजे निषेधावाचून उरलेला अर्थवाद होय. तंबाखूची निंदा आहे. 'ओढू नका' हे नाही.

ते का नाही, याचे उत्तर व्याकरणात नसून शासनाच्या भूमिकेत आहे. ज्या वस्तूचे उत्पादन आणि विक्री कायदेशीर आहे, जिच्यावरील कर राजकोशात जमा होतो, तिच्याविषयी आज्ञार्थ उच्चारणे शासनास अवघड असते. म्हणून ते वस्तुस्थिती सांगते व थांबते. याच्या उलट, जेथे कायद्याने निषेध खरोखरच केला तेथे वाक्याची रचना लगेच पालटलेली दिसते. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या कायद्यात ती तरतूद आली आणि २ ऑक्टोबर २००८ पासून तिचे सुधारित नियम अमलात आले. तेव्हापासून कार्यालये, उपाहारगृहे, स्थानके यांच्या भिंतींवर जो फलक लागला त्यात 'येथे' हा शब्द आहे: येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे. रूपाने हेही विधानच. पण 'येथे' या निर्देशक अव्ययाने ते वाचणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीशी बांधले गेले, आणि मागे दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाचा निषेध उभा असल्यामुळे त्यातील अर्थवाद पोरका राहिला नाही. फलक पाहून माणूस सिगारेट विझवितो किंवा निदान बाहेर जातो. पाकीट पाहून तो तसे करीत नाही. या फरकाचे सर्व श्रेय एका अव्ययास देणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. तरीही तो फरक भाषेत उमटला आहे हे नाकारता येत नाही.

पाकिटावरील वाक्य मात्र ३१ मे २००९ पर्यंत जवळजवळ तसेच राहिले. त्या दिवसापासून दर्शनी भागाचा ४० टक्के पृष्ठभाग चित्रमय इशाऱ्यास मिळाला आणि 'स्मोकिंग किल्स' हे नवे वाक्य आले. इंग्रजीत 'किल' हे सकर्मक क्रियापद आहे आणि येथे त्याचे कर्म गाळलेले आहे. इंग्रजीस अशी लकब पेलते. मराठीत 'धूम्रपान मारते' म्हटले की कान लगेच कर्म शोधू लागतो. ते पुरवावे तर वाक्य लांबते, न पुरवावे तर 'जीवघेणे', 'प्राणघातक' अशा विशेषणाचा आश्रय करून पुन्हा 'आहे'कडे परतावे लागते. क्रियेचे विशेषण झाले की धार जाते.

धूरविरहित तंबाखूच्या पुड्यांवरील त्या वेळचे चित्र तर स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. ते विंचवाचे होते. कर्करोगाचे प्रतीक म्हणून ते योजिले गेले, असेच सामान्यतः समजले गेले. परंतु 'कर्क' म्हणजे खेकडा. लॅटिन व ग्रीक मूळ शब्दांचाही अर्थ तोच, आणि आपला 'कर्करोग' हा शब्द त्याच प्रतिमेवरून घडविलेला आहे. खेकड्याच्या जागी विंचू आला आणि शब्द व चित्र यांची फारकत झाली. बरे, विंचू हे प्रतीक म्हणून तरी मराठी मनास काय सांगते? विंचवाचा दंश तत्काळ असतो, त्याची वेदना आधी आणि शोध नंतर. आणि विंचू उतरविता येतो, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत खोल रुजलेली आहे. एकनाथांच्या भारुडातील विंचूही उताऱ्यासकट येतो. तंबाखूचा अपाय याच्या नेमका विरुद्ध जातीचा: तो वर्षानुवर्षे वेदनेवाचून साचतो, आणि वेदना येते तेव्हा उताऱ्याची वेळ बहुधा टळलेली असते. मळलेली तंबाखू ओठामागे धरून विंचवाचे चित्र पाहणाऱ्या माणसास त्यात स्वतःचे काही दिसले नसेल, तर तो दोष त्याच्या निरक्षरतेचा नव्हे. १ डिसेंबर २०११ पासून विंचू गेला व मुखाच्या कर्करोगाची प्रत्यक्ष छायाचित्रे आली. ती बीभत्स आहेत अशी तक्रार सुशिक्षितांनी पुष्कळ केली. पण ती जे दाखवितात तेच सांगतात, एवढा गुण त्यांच्या ठायी निश्चित आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. तो क्रियापदांचा आहे. मराठी माणूस विडी ओढतो, सिगारेट ओढतो, चिलीम फुंकतो. तंबाखू मळतो, खातो, तिचा बार भरतो. तपकीरही ओढतो, पण ती नाकाने. आणि मिश्री लावतो, किंबहुना लावते. यांतील एकही माणूस तंबाखूचे 'सेवन' करीत नाही. सेवन औषधाचे होते, तीर्थप्रसादाचे होते, शुद्ध हवेचे होते. शासकीय मराठीने या सर्व क्रियांवर 'तंबाखूसेवन' हे पांघरूण घातले, आणि वस्तूंना 'तंबाखूजन्य पदार्थ' असे नाव दिले. 'पदार्थ' हा शब्द तर्कशास्त्रात काहीही असो, मराठी स्वयंपाकघरात तो ताटात वाढावयाच्या जिनसांचा वाचक आहे. 'धूम्रपान' या शब्दाची कथा याहून विचित्र आहे. संस्कृतात धूर म्हणजे 'धूम'. 'धूम्र' हे धुराच्या रंगाचे विशेषण. शुद्ध रूप 'धूमपान' असून चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ते दिनचर्येतील एक हितकर उपचार म्हणून वर्णिलेले आहे. औषधी द्रव्यांच्या वर्तीचा धूर विशिष्ट वेळी, विशिष्ट मात्रेत घ्यावा असे ते विधान. तंबाखू त्या काळी या खंडात नव्हतीच. पोर्तुगीजांबरोबर ती आली, दख्खनमध्ये रुळली आणि विजापुराहून असद बेगने ती अकबराच्या दरबारी नेली, हे इतिहासप्रसिद्ध आहे. अर्थात ज्या परकी व्यसनाचा निषेध करावयाचा त्यास आपण आरोग्यसाधनेचे नाव दिले. व्युत्पत्ती विसरली गेल्याने यातून प्रत्यक्ष अनर्थ झाला असे नव्हे. परंतु परिभाषा घडविताना कोणी क्षणभर थांबले नाही, एवढे त्यावरून कळते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. प्रौढांच्या तंबाखूवापराच्या २०१६-१७ मधील दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के आढळले. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे २४.४ टक्के. स्त्रियांत हे दुसरे प्रमाण १६.६ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर प्रश्न धुराचा फार थोडा आहे. तरीही आपल्या जनमानसात तंबाखूविरोध म्हणजे सिगारेटविरोध, हे समीकरण घट्ट बसले आहे. कारण १९७५ चा कायदा सिगारेटपुरताच होता, आणि ज्या इंग्रजी वाक्यांची भाषांतरे आपण करीत आलो ती ज्या समाजांसाठी लिहिली गेली तेथे तंबाखू मुख्यतः ओढली जात होती.

या दृष्टीने मिश्रीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही काळी पूड स्त्रिया दातांस लावतात. 'लावणे' हे क्रियापद पाहावे. काजळ लावतात, कुंकू लावतात, मलम लावतात. जे लावले जाते ते शरीराच्या बाहेर राहते, शृंगाराचे किंवा उपचाराचे असते. ते खाल्ले जात नाही. सकाळी आणि दुपारी मिश्री लावणाऱ्या स्त्रीस 'तुम्ही तंबाखू खाता काय' असे विचारले तर ती 'नाही' म्हणेल, आणि तिच्या भाषेत ते खोटे नाही. 'आपणास तंबाखूचे व्यसन आहे काय' असे विचारले तर ती रागावेल; कारण 'व्यसन' या शब्दात मराठीने एक नैतिक ठपका भरून ठेवला आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ आपत्ती असा होता. तो अर्थ टिकला असता तर कदाचित बरे झाले असते. तिच्या लेखी ती दात घासते, फार तर तिला सवय आहे, तलफ येते. 'तंबाखूमुळे कर्करोग होतो' हे वाक्य तिने वाचले, तरी ते दुसऱ्या कोणाविषयी आहे असे समजून ती पुढे जाणार. ज्या भाषेत क्रिया अशा वेगवेगळ्या क्रियापदांत वाटल्या गेल्या आहेत, तेथे सर्वसमावेशक नाम हे कोणासच समाविष्ट करीत नाही.

वाचण्याच्या भाषेचा प्रश्न याहून साधा, म्हणूनच अधिक खटकणारा आहे. २००३ च्या कायद्याच्या नवव्या कलमाने इशाऱ्याची भाषा ठरविली ती वाचकावरून नव्हे, तर वेष्टनावरून. वेष्टन इंग्रजीत असेल तर इशारा इंग्रजीत. भारतीय भाषेत असेल तर त्या भाषेत. दोन्हींत असेल तर दोन्हींत. म्हणजे इशारा कोणत्या भाषेत वाचावा लागेल हे शेवटी उत्पादकाने आपले नाव कोणत्या लिपीत छापले यावर अवलंबून. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारात, जो भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये मान्य केला, इशारा देशाच्या प्रमुख भाषेत वा भाषांत असावा असे म्हटले आहे. परंतु ज्या देशात प्रमुख भाषा एक नाही तेथे या कलमाचा अर्थ काय, हे कोणी स्पष्ट केले नाही. चित्रपटांच्या बाबतीत मात्र चित्रपटाचीच भाषा इशाऱ्यास लागू करण्यात आली. ते शहाणपणाचे होते. पाकिटास ते का सुचू नये?

दुसऱ्या पक्षाची भाषा पाहिली म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. जाहिरात पहिल्यापासून एका माणसाशी बोलत आली. विल्स फिल्टरची 'मेड फॉर ईच अदर' ही गेल्या शतकातील मोहीम आठवावी: तिच्यात तंबाखूचा गुण एक शब्दानेही सांगितलेला नाही. एक सुखी जोडपे आहे, आणि सिगारेट व तिचा फिल्टर यांचे नाते त्या जोडप्याच्या नात्यावर हळूच आरोपित केले आहे. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत ही व्यंजना. इशारा अभिधेवरच थांबतो. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकास सिगारेटचे नाव होते आणि त्या नावाचा उच्चार करताना कोणासही आपण जाहिरात करीत आहोत असे वाटले नाही. नावांचे सामर्थ्य समाज ओळखत नाही असेही नाही. महाराष्ट्रातील एका विडीस संभाजी महाराजांचे नाव होते; ते बदलण्यासाठी आंदोलन झाले आणि २०२० साली कंपनीस नाव बदलण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. वाद नावाच्या मानाचा होता आणि तो योग्यच होता. त्याच वेष्टनावरील दुसऱ्या मजकुराकडे त्या गदारोळात कोणाचे लक्ष गेले नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

जाहिरातबंदी आल्यावर ही भाषा नाहीशी झाली नाही. ती पानमसाला आणि वेलची यांच्या नावाखाली राहावयास गेली. गुटख्याच्या बाबतीत तर व्यापाऱ्याने व्याकरणाचाच आधार घेतला असे गमतीने म्हणता येईल. महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनी कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालण्यास मनाई केली आणि तिच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात पुन्हा बंदी आली; येथे 'पदार्थ' हा शब्द प्रथमच उपयोगी पडला. तेव्हा मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा दोन पुड्या शेजारी शेजारी लटकू लागल्या. कायद्याने सामासिक शब्द निषिद्ध ठरविला. विक्रेत्याने त्याचा विग्रह करून दोन्ही पदे वेगळी विकली, आणि समास गिऱ्हाइकाच्या तळहातावर पुन्हा सिद्ध झाला.

आरोग्यपक्षानेही एकदा खऱ्या अर्थाने बोलणारे वाक्य निर्माण केले, ते चित्रपटगृहात. २ ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपटांबरोबर तंबाखूविरोधी लघुपट दाखविणे सक्तीचे झाले. त्यांतील 'मुकेश' हा लघुपट सर्वांच्या परिचयाचा आहे. खानदेशातील हा तरुण गुटखा खात असे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तो उपचार घेत असता चित्रण झाले आणि २००९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो गेला. लघुपटात तो आपले नाव सांगतो, गुटखा खाल्ल्याचे सांगतो, आणि आता तोंडाची शस्त्रक्रिया होणार असून त्यानंतर आपणास कदाचित बोलता येणार नाही असे सांगतो. या संपूर्ण वाङ्मयात प्रथम पुरुषी एकवचन येथे भेटते. क्रियापद त्याचे स्वतःचे आहे. आणि बोलण्याची शक्ती जाणार आहे हे सांगण्यासाठी तो तीच शक्ती वापरीत आहे. वक्ता, विषय आणि साधन यांचे असे ऐक्य कोणत्याही जाहिरात लेखकास साधले नसते.

तरीही प्रेक्षागृहांत या वाक्यावर लोक हसू लागले. हसणाऱ्यांस निर्दय म्हणणे सोपे आहे. पण तेच वाक्य, त्याच स्वरात, प्रत्येक खेळाच्या प्रारंभी व मध्यावर, महिनोन् महिने ऐकविले तर त्यातील 'मी' झिजतो आणि उरतो तो ठरीव पाठ. ठरीव पाठाचे विडंबन होते. कीर्तनातील पूर्वरंगाचेही होते. दोष मुकेशच्या शब्दांचा नव्हता. ते शब्द कितव्या वेळी ऐकावयाचे याचा हिशेब न करणाऱ्या नियमाचा होता.

मग ही सारी इशाऱ्यांची खटपट व्यर्थ म्हणावी काय? तसे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. यात कराचा वाटा किती, गुटखाबंदीचा किती आणि शब्दांचा व चित्रांचा किती, हे वेगळे काढणे दुष्कर आहे. उत्पादकांनी मात्र शब्द आणि चित्रे निरुपद्रवी मानली नाहीत. १ एप्रिल २०१६ पासून इशारा पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंच्या ८५ टक्के भागावर आला, तेव्हा त्याविरुद्धचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात जाऊन डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्दही झाला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. ज्या मजकुराचा काही परिणाम होत नाही त्याविरुद्ध कोणी एवढा खर्च करीत नाही.

आशयही पालटत गेला. 'तंबाखूमुळे कर्करोग होतो' यानंतर वेदनामय मृत्यूचे वाक्य आले, आणि २०२० नंतरच्या आवर्तनांत तंबाखू वापरणारे अकाली मरतात अशा अर्थाचे. या शेवटच्या वाक्यात तंबाखू किंवा धूम्रपान यांऐवजी माणूस कर्त्याच्या जागी आला. तृतीय पुरुषी का होईना, आला. परंतु त्याहून महत्त्वाचा बदल १ सप्टेंबर २०१८ चा आहे, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. त्या दिवसापासून पाकिटावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत आजच सोडा, अमुक क्रमांकावर दूरध्वनी करा, असे छापले जाऊ लागले. क्रमांक १८००-११-२३५६. बेचाळीस वर्षांच्या इतिहासात पाकिटावर हा पहिलाच आज्ञार्थ. शासनास 'ओढू नका' म्हणता येत नव्हते. 'सोडा' म्हणता आले, कारण त्यात विक्रीस धक्का नाही आणि सोडू पाहणाऱ्याला मदतीची वाट दाखविलेली आहे. मीमांसकांच्या भाषेत, अर्थवादास त्याचा विधी अखेर मिळाला. शिवाय हा विधी पाळण्यासाठी काय करावयाचे तेही त्याच ओळीत आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत सुरू झालेल्या या सेवेची केंद्रे पुढे बंगळूर, गुवाहाटी आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातही उघडली. पलीकडे माणूस बोलतो, आणि बोलणाऱ्या माणसास 'आपण सेवन करता काय' असे विचारून भागत नाही. ओढता, खाता की लावता, हे विचारावेच लागते.

हा क्रमांक पोहोचतो मात्र वेष्टनाबरोबरच. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी व विड्यांच्या विक्रीस मनाई केली ती याच कारणाने. टपरीवर तिचे पालन कितपत होते ते कोणीही जाऊन पाहावे. मिश्रीची गोष्ट याहून पुढची आहे. पानाची तंबाखू बाजारातून सुटी आणली जाते, चुलीवर भाजली जाते आणि जुन्या डबीत भरून कोनाड्यात ठेवली जाते. त्या डबीवर काहीच छापलेले नसते.